फ्रेऑन काढला, तिथूनच उलटी मोजणी सुरू झाली

मिथिल आयसोसायनेट हा द्रव ३९ अंशांना उकळतो. आपल्याकडे, आखाडा बाळापूरला, मे महिन्याच्या दुपारी सावलीतही पारा त्याच्या वर जातो. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात याच द्रवाच्या टाक्या जमिनीत अर्ध्या गाडलेल्या होत्या आणि त्यांना थंड ठेवायला ३० टन क्षमतेची शीतकरण यंत्रणा होती. तिच्यात फिरणारा वायू होता फ्रेऑन.

जून १९८४. कारखाना तोट्यात. शीतकरण बंद करण्यात आलं आणि फ्रेऑन काढून घेण्यात आला. आता नुसतं बटण दाबून यंत्रणा सुरू होणार नव्हती. द्रव शून्य अंशाच्या आसपास ठेवावा, असं कंपनीचीच नियमपुस्तिका सांगत होती. ११ अंशांवर अलार्म वाजायला हवा होता. टाकी १५ ते २० अंशांवर राहू लागली, तेव्हा त्या अलार्मला अर्थच उरला नाही.

ऑक्टोबर १९८४. या द्रवाचं उत्पादन थांबलं. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४२ टन साठा पडून राहिला. गळालेला वायू कॉस्टिक सोड्याने निकामी करणारा स्क्रबर 'स्टँडबाय'वर गेला. वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरच्या गंजलेल्या पाइपचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढला होता.

रविवार, २ डिसेंबर, रात्री ९ च्या सुमारास. पाण्याने पाइप धुण्याचं काम चालू. पाणी पुढे जाऊ नये म्हणून जोडात घालायची लोखंडी चकती घातलेली नव्हती. टाकीत पाणी गेलं, यावर वाद नाही. ते धुण्याच्या पाण्यातून गेलं की कुणी मुद्दाम सोडलं, यावर कंपनी आणि इतर तपासकर्ते शेवटपर्यंत भांडत राहिले.

१०.२०. टाकीचा दाब २ पीएसआय. नेहमीसारखा.

१०.४५. पाळी बदलली.

११.००. दाब १०. नव्या पाळीच्या ऑपरेटरला त्यात वावगं वाटलं नाही, कारण २ ते २५ हा नेहमीचाच पट्टा. पण चाळीस मिनिटांत दाब पाचपट झाला होता. आकडा मर्यादेत होता, वेग नव्हता.

११.३०. कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. किरकोळ गळती इथे नित्याचीच होती. चहानंतर बघू, असं ठरलं.

१२.१५ नंतर. काटा ३० वर, आणि बघता बघता ५५ च्या पलीकडे, म्हणजे तबकडीच संपली. ऑपरेटर टाकीपाशी धावला. वरचं काँक्रीट तापलेलं, आतून घरघर ऐकू येत होती. पाण्याशी होणाऱ्या क्रियेतून उष्णता निघते, उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते. टाकी गार असती तर हीच क्रिया रेंगाळत झाली असती आणि माणसांना हातपाय हलवायला वेळ मिळाला असता.

सुमारे १.००. सुरक्षा झडप उघडलेली, ३३ मीटर उंच नळकांड्यातून वायू बाहेर. पाण्याचे फवारे तिथवर पोचले नाहीत. वस्तीसाठीचा भोंगा थोडाच वेळ वाजला आणि बंद केला गेला. हवेपेक्षा जड वायू जयप्रकाशनगर, छोला, रेल्वे स्टेशनच्या दिशेने जमिनीलगत सरकत राहिला.

२ च्या पुढे. जोर ओसरेपर्यंत तीसेक टन किंवा त्याहून अधिक वायू शहरावर पसरला होता. मृतांचा सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९, पुढे ३,७८७. पीडितांच्या संघटना याच्या कित्येक पट सांगतात.

फ्रेऑन असता तर काहीच झालं नसतं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पाणी तरीही शिरलं असतं. पण शीतकरणाने मिळतो तो वेळ, आणि भोपाळात तोच सहा महिने आधी विजेच्या बिलाबरोबर वाचवला गेला.

हा हिशेब आपल्याकडच्या बर्फ कारखान्याला, दूध शीतकरण केंद्राला, फ्रिज-एसीच्या दुकानालाही लागू आहे. बर्फ कारखान्यातला अमोनिया नाकाला झोंबतो, निदान सूचना तरी देतो. फ्रेऑनच्या जातीचे वायू बहुधा रंगहीन, जवळपास वासहीन आणि हवेपेक्षा जड असतात. बंद खोलीत खाली साठून ते श्वासाचा प्राणवायू हटवतात. क्लोरीन असलेल्या अशा वायूवर वेल्डिंगची ज्योत पडली तर विषारी धूर होतो, त्यात फॉस्जीनही असू शकतो. भोपाळमध्ये तो विषारी द्रव ज्या कच्च्या मालातून बनत होता, तो हाच फॉस्जीन. आर-२९० हा शीतकरणाचा वायू तर प्रोपेनच, ठिणगी पडली की पेटणारा. म्हणून सिलिंडर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही, काठोकाठ भरायचा नाही. ब्रेझिंगआधी गॅस काढून घ्यायचा, दारं-खिडक्या उघडायच्या.

आणि कोणतीही सुरक्षा यंत्रणा बंद करायची असेल, तर ती का, किती दिवस आणि कुणाच्या सहीने, हे वहीत आधी लिहायचं. जूनमधल्या त्या निर्णयानंतर टाकी रिकामी करायला सहा महिने हाताशी होते. रात्री साडेअकराला जेमतेम तास-दीड तास उरला होता.