जुन्या रस्त्याच्या कडेचा इतिहास

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि पनवेल, चौक, खोपोली, खंडाळा, कार्ला, वडगाव असा गावागावांतून जाणारा रस्ता एका दिवसात ‘जुना’ ठरला. घाई असलेल्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली हे स्वाभाविकच. परंतु दोन हजार वर्षे कोकणाला देशाशी जोडणारी ही वाट आहे आणि तिच्या कडेला काळाने अनेक खुणा रोवून ठेवल्या आहेत. कुठे मैलाचा दगड, कुठे लेख कोरलेला खांब, कुठे विजयस्तंभ, तर कुठे शेंदूर लावलेले ठाणे. एखादा रविवार मोकळा काढून या खुणा क्रमाने पाहिल्या, तर इतिहासाच्या पुस्तकात सहसा न सापडणारी एक गोष्ट हाती लागते. दगडावर कोणाचे नाव येते आणि कोणाचे राहून जाते, ती ही गोष्ट.

चर्चपासून मोजलेले मैल

सुरुवात मुंबईतच करावी. फोर्टातील सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. या चर्चकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाजावरूनच ‘चर्चगेट’ हे नाव पडले. पुढे शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांची अंतरे याच चर्चपासून मोजली जाऊ लागली आणि रोमन अंक कोरलेले काळ्या दगडाचे मैलस्तंभ उभे राहिले. दादर-परळच्या बाजूला त्यांतले काही अजून तग धरून आहेत. रस्त्यांची पातळी वाढत गेली, पदपथ उंचावले आणि माणसाच्या कमरेपर्यंत येणारे हे दगड गळ्यापर्यंत गाडले गेले. काही दगड कोणाच्या तरी दुकानाची पायरी किंवा सायकल टेकवायचा आधार झाले. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने त्यांतील काही उकरून, स्वच्छ करून पुन्हा उभे केले, ही समाधानाची बाब. या दगडांवर एकाही लढाईचे वा पुढाऱ्याचे नाव नाही. तरीही ‘शहर कुठे सुरू होते’ हे कोण ठरवत होते, ते त्यांच्यावरून नेमके कळते.

खोपोलीचे तळे

पनवेल ओलांडून घाटाच्या पायथ्याशी आलो की खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेले प्रशस्त तळे आणि महादेवाचे देऊळ लागते. घाट चढण्यापूर्वी तांड्यांनी, बैलांनी आणि वाटसरूंनी विसावा घ्यायचा तो इथेच. पेशवाईतील सत्ताधाऱ्याने रस्त्यावर आपली खूण ठेवण्याची रीत ही अशी होती. नाव कोरलेली पाटी लावण्यापेक्षा पाण्याची सोय करावी, म्हणजे नाव लोकच लक्षात ठेवतात. दोनशेहून अधिक वर्षे उलटली, तरी ‘नानांचे तळे’ कोणालाही विचारावे लागत नाही.

बोरघाट : नाव असलेले आणि नसलेले

बोरघाटाची चाकाच्या गाड्या जाऊ शकतील अशी सडक मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत झाली आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी ती खुली करण्यात आली. त्यापूर्वी घाटात बैल, डोली आणि हमालांची पाठ एवढीच साधने होती. त्या काळचा म्हणून ओळखला जाणारा, खंडाळ्याजवळचा ‘अमृतांजन पूल’ प्रवाशांच्या चांगला परिचयाचा होता. त्याला नाव मिळाले ते बांधणाऱ्याचे नव्हे, तर त्यावर झळकणाऱ्या जाहिरातीचे. वाहतुकीला अडथळा ठरतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तो सुरुंग लावून पाडण्यात आला. सुमारे १९० वर्षे टिकलेली खूण काही क्षणांत नाहीशी झाली आणि रस्ते रिकामे असल्याने ती जाताना पाहायलाही फारसे कोणी नव्हते.

रस्त्यानंतर आली रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली १८५६ मध्ये घाटातील मार्गाचे काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये ते पूर्ण झाले. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल असलेला हा मार्ग त्या काळी जगभर वाखाणला गेला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोहोचल्यावर थोड्याच काळात वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुढे चालवला, ही हकिगत आता बऱ्याच जणांना ठाऊक असते. मात्र ऐन भरात या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, पटकीच्या साथीत त्यांतले कितीतरी दगावले, १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला, हे सांगणारी शिळा रस्त्यावर आढळत नाही.

ती उणीव लोकांनी आपल्या पद्धतीने भरून काढली आहे. जुन्या रस्त्याला लागून घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट काही केल्या सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती इंग्रजांना दाखवली आणि बक्षीस म्हणून ‘आमचा देश सोडा’ असे मागितल्याने त्याला गोळी घातली गेली, अशी कथा सांगतात. ट्रकचालक आजही इथे वेग कमी करून नाणे वाहतात. कागदपत्रांच्या कसोटीवर ही कथा इतिहास नव्हे, दंतकथाच मानावी लागेल. पण ज्या डोंगराची खडा न् खडा माहिती मेंढपाळांना होती, तिथे मोजणी करणाऱ्यांना स्थानिकांच्या मदतीवाचून पाऊल टाकता आले नसणार, हेही उघड आहे. त्या मदतीची नोंद झाली नाही. शिंग्रोबा हे त्या न झालेल्या नोंदीचेच देऊळ म्हणायला हरकत नाही.

कार्ल्याचा सुतार

घाट चढून लोणावळ्यापुढे आलो की कार्ला फाटा लागतो. इथून डोंगरातील चैत्यगृह फार दूर नाही. खडकात कोरलेल्या भारतातील चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास याच व्यापारी वाटेवरच्या लोकांनी दिलेल्या दानातून ते उभे राहिले आणि दात्यांची नावे भिंती-खांबांवर ब्राह्मी लिपीत कोरली गेली. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकट येथील यवन आहेत, सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. आणि दाराशी एका कारागिराचेही नाव आहे : वेणुवासाचा पुत्र सामी, धंद्याने सुतार. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेवर दरवाजा घडवणाऱ्याचे नाव दगडावर आले आणि त्यानंतर अठरा शतकांनी बोगदे खोदणाऱ्या हजारो हातांचे आले नाही. घाटातून कार्ल्याला येईपर्यंतच्या प्रवासात मनाला लागून राहते ती हीच गोष्ट.

वडगाव : विजयस्तंभ आणि शत्रूची समाधी

पुढे वडगाव मावळ. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज १७७८ च्या अखेरीस घाट चढून आली. तोफा, रसद आणि बैलांचा पसारा इतका की खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना अकरा दिवस लागले. समोर महादजी शिंदे आणि नाना फडणवीस यांनी आखलेली गनिमी योजना होती. तळेगाव रिकामे करून जाळण्यात आले होते. शत्रूला दाणा-वैरण मिळू द्यायची नाही, वेळ पडल्यास पुणेही जाळायचे, अशी तयारी होती. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या आणि माघार घेतली. मराठ्यांनी त्यांना वडगावात कोंडले. शरणागती आणि तह झाला. १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत करण्याचे इंग्रजांनी मान्य केले.

या विजयाचा स्तंभ वडगावला आहे. स्मारक पाहताना एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की स्तंभ एका दिवसाचे बोलतो. कोलकात्याहून वॉरन हेस्टिंग्ज यांनी हा तह धुडकावला, युद्ध पुन्हा पेटले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते थांबले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

त्याच वडगावात पोलीस ठाण्याच्या आवारात आणखी एक खूण आहे. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यास तोफगोळ्याने ठार झालेला इंग्रज कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट याची ही समाधी. त्याचे शौर्य पाहून मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि मराठेशाहीतील ‘फाकड्यां’मध्ये त्याला अर्ध्याचा मान दिला. पुढे लोक त्याच्या समाधीला नारळ वाहू लागले, नवस बोलू लागले. विजयस्तंभ आणि पराभूत शत्रूची पुजली जाणारी समाधी एकाच गावात असणे ही विसंगती वाटेल. परंतु मावळी मनाला ती कधी खटकलेली नाही.

पाहताना आणि जपताना

अशी खूण दिसली की तीन प्रश्न विचारावेत. घटना केव्हाची आणि खूण केव्हा उभारलेली? ती कोणी आणि कोणत्या भाषेत उभारली? आणि तिच्यावर काय लिहिलेले नाही? मजकुराइतकाच आजूबाजूच्या वृद्धांच्या आठवणींना कान द्यावा, मात्र ऐकलेले आणि नोंदलेले यांची वहीत वेगवेगळी नोंद ठेवावी. कोरीव लेख सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चांगले वाचता येतात. अक्षरे उठावदार दिसावीत म्हणून तेल, चुना वा रंग लावू नये. दगडाचे पापुद्रे सुटतात.

मोठ्या वास्तूंना १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा राज्याचा कायदा आहे. कार्ल्याची लेणी अशी संरक्षित आहेत. रस्त्याकडेचा सुटा दगड मात्र बहुधा कोणत्याच यादीत नसतो. रुंदीकरणाचे यंत्र येते तेव्हा त्याला ‘हा दगड’ आणि ‘तो दगड’ यांतला फरक कळत नाही. तो सांगू शकतो फक्त त्या गावचा, दगडाची गोष्ट माहीत असलेला माणूस. म्हणून छायाचित्र घ्यावे, जागा नेमकी टिपावी, ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे. अमृतांजन पुलाच्या बाबतीत ही वेळ निघून गेली. पदपथात गाडल्या गेलेल्या मैलाच्या दगडांच्या बाबतीत ती अजून गेलेली नाही.