उंचीमापकाची भाऊबंदकी

विमान धावपट्टीवर टेकायच्या बेतात असताना कॉकपिटमध्ये एक यांत्रिक आवाज आकडे म्हणू लागतो : फिफ्टी, फोर्टी, थर्टी... हे आकडे पुरवतो रेडिओ अल्टिमीटर. वैमानिकांचा हा भरवशाचा गडी, पण त्याचं कूळ टेलिफोनवाल्यांचं.

त्याच्याआधी उंची कळायची ती हवेच्या दाबावरून. त्यातून समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते. खाली डोंगर वर चढत आला, तरी काटा जागचा हलत नाही. १९२४ साली एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीतले अभियंते लॉइड एस्पेन्शीड यांना सुचलं, की जमिनीकडे रेडिओलहर सोडावी आणि तिच्या परतण्यावरून अंतर काढावं. पण एवढ्या उच्च कंपनसंख्येची लहर पुरेशा ताकदीनं सोडतील असे व्हॉल्व्ह तेव्हा नव्हते. कंपनीच्याच बेल लॅब्जनं हे यंत्र उडत्या विमानात चालवून दाखवलं ते १९३८ मध्ये. युक्ती अशी : खाली सोडलेल्या लहरीची कंपनसंख्या सतत बदलत ठेवायची. लहर जमिनीवर आपटून परत येईपर्यंत वरची कंपनसंख्या पुढे सरकलेली असते. दोहोंतला फरक जितका मोठा, तितकी जमीन लांब.

पुढे जगभर या यंत्रासाठी ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा राखून ठेवला गेला. शेजारच्या पट्ट्यात उपग्रह होते, ३६ हजार किलोमीटरवरून क्षीण संदेश पाठवणारे. असा शेजार असल्यावर बांधाकडे कोण बघतं? शेजारचा आवाज गाळणारे कडक फिल्टर बसवायची गरजच अल्टिमीटर बनवणाऱ्यांना भासली नाही. विमानं मात्र या यंत्रावर अधिकाधिक विसंबू लागली. धुक्यातलं स्वयंचलित अवतरण, डोंगर जवळ आल्याचा इशारा, सगळं त्याच्याच शब्दावर. २००९ मध्ये अॅमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाकडे येणाऱ्या टर्किश एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मध्ये या यंत्रानं उणे ८ फूट असा आकडा दिला. विमान उतरलंच असं समजून यंत्रणेनं इंजिनांचा जोर काढून घेतला. वैमानिकांनाही ते वेळेत उमगलं नाही. विमान शेतात कोसळलं, ९ जण गेले. तिथे शेजाऱ्याचा काही संबंध नव्हता; बिघाड यंत्राचाच होता.

२०२० मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं, एफसीसीनं, उपग्रहांना वरच्या कोपऱ्यात सरकवून ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोबाइल कंपन्यांच्या फाइव्ह-जी सेवेसाठी लिलावात काढला. मधे २२० मेगाहर्ट्‌झ मोकळे आहेत, तेवढे पुरे, असं आयोगाचं म्हणणं. विमान क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी, अल्टिमीटर गोंधळू शकतात असा, धोक्याचा अहवाल दिला होता, तरी लिलाव झाला आणि ८१ अब्ज डॉलर आले. एवढी रक्कम समोर असताना कुठलं सरकार थांबलं असतं, हा भाग वेगळा. बड्या खरेदीदारांत व्हेरायझन होती, आणि दुसरी होती एटी अँड टी! मधल्या काळात ती कंपनी फुटली, विकली गेली, पण नाव तेच. ज्या घरात अल्टिमीटर जन्मला, त्याच नावाचे टॉवर आता त्याच्या कानाशी बोलणार होते.

टॉवर सुरू व्हायची तारीख डिसेंबर २०२१ वरून दोनदा पुढे गेली. १९ जानेवारी २०२२ ला ते सुरू झाले, विमानतळांजवळचे तेवढे वगळून. त्या दिवशी एअर इंडियानं मुंबई–नेवार्कसह अमेरिकेच्या काही फेऱ्या रद्द केल्या. तिकीट काढून बसलेल्या प्रवाशांना तोवर या पट्ट्यांचा पत्ताही नव्हता. शेवटी उपाय निघाला तो जुनाच : फिल्टर. ते बसवण्यासाठी विमान कंपन्यांना मुदत मिळाली. दूरसंचारवाले आणि विमानवाले या दोन्ही सरकारी कचेऱ्या एकाच शहरात, वॉशिंग्टनमध्ये. लिलावाआधी त्या एका टेबलाशी बसल्या असत्या, तर ही धावपळ बरीच टळली असती.

आपल्याकडे मोबाइलचा पट्टा ३.६७ गिगाहर्ट्‌झलाच संपतो, म्हणजे मधली मोकळी जागा अमेरिकेच्या दुपटीहून जास्त. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं पुणे आणि नागपूरसह पाच विमानतळांभोवती निर्बंध घातले. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत या पट्ट्यातले फाइव्ह-जी टॉवर बसवायचे नाहीत; विमानांचे अल्टिमीटर सुधारून घेईपर्यंत हा नियम राहील, असं आदेशात म्हटलं होतं.