कबुलीनंतरचे अपील : जुन्नर-आंबेगावच्या न्यायव्यवहारातील एक जुना प्रश्न

मराठेशाहीत जुन्नर प्रांतासारख्या मुलखातले वतनाचे व मानपानाचे वाद गोतसभेपुढे किंवा मजालशीपुढे येत, तेव्हा निवाडा सुरू होण्यापूर्वीच दोन्ही पक्षांकडून राजीनामा, म्हणजे निकाल मान्य करण्याचे लेखी वचन, आणि त्या वचनाची हमी देणारा जामीनकतबा घेतला जाई. निकाल विरुद्ध गेलेला पक्ष येजितखत, म्हणजे आपला दावा खोटा ठरल्याची कबुली, लिहून देई व गुन्हेगारी नावाचा दंड भरी, तर जिंकलेला पक्ष सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, देई. इतका बंदोबस्त असूनही पंचांच्या पक्षपाताची तक्रार हुजुरात नेऊन वाद दुसऱ्या स्थळी पुन्हा चालवून घेतल्याची उदाहरणे आढळतात.

1818 नंतर इंग्रजी अंमलात फौजदारी न्याय संहितांच्या चौकटीत बसला. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 412 ने गुन्हा कबूल केलेल्या आरोपीचे अपील शिक्षेचे प्रमाण व तिची कायदेशीरता एवढ्यापुरते मर्यादित केले आणि 1973 च्या संहितेतील कलम 375 ने तेच तत्त्व पुढे चालवले. इंग्रजी अंमलातच भीमाशंकर परिसरातील महादेव कोळ्यांसारख्या डोंगरी समाजांचा संबंध वनकायद्याशी आला. 1878 च्या व पुढे 1927 च्या कायद्यान्वये वनगुन्ह्याचा संशय असलेल्या माणसाकडून नुकसानभरपाई घेऊन वनाधिकाऱ्याला प्रकरण मिटवता येत असे. या तडजोडीत दोषसिद्धीच होत नसल्याने अपिलाला जागा उरत नसे, आणि भरपाई देणारा खरोखर दोषी होता की नाही हे कोणतेही न्यायालय तपासत नसे.

शिक्षेबाबत वाटाघाट करून दिलेल्या कबुलीकडे सर्वोच्च न्यायालयाने दीर्घकाळ संशयाने पाहिले. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1976 च्या अन्नभेसळीच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा सौद्यांवर कठोर टीका केली, तर 1983 च्या थिप्पास्वामी निकालाने सौम्य शिक्षेच्या आश्वासनावर कबुली घेऊन नंतर अपिलात शिक्षा वाढवणे हे घटनेच्या अनुच्छेद 21 चे उल्लंघन ठरवले.

पुढे 1973 च्या संहितेतील 2005 च्या दुरुस्तीने अशा वाटाघाटीला, म्हणजे 'प्ली बार्गेनिंग'ला, कायदेशीर रूप दिले व ती 5 जुलै 2006 पासून लागू झाली. सात वर्षांपर्यंत कैदेच्या गुन्ह्यांपुरती ही सोय असून स्त्रिया आणि चौदा वर्षांखालील मुलांविरुद्धचे गुन्हे तिच्यातून वगळलेले आहेत. आरोपीची संमती ऐच्छिक आहे की नाही, याची तपासणी न्यायाधीशाने बंद दालनात करावयाची असते. मात्र त्या संहितेच्या कलम 265-छ प्रमाणे हा निकाल अंतिम असे, आणि त्याविरुद्ध अनुच्छेद 136 खालील विशेष अनुमती याचिका किंवा अनुच्छेद 226 व 227 खालील रिट याचिका एवढेच मार्ग उरत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 295 मध्येही हीच मर्यादा आहे.

या मर्यादेचा भार आरोपीच्या ठिकाणावरून ठरतो. जुन्नर किंवा घोडेगाव येथील न्यायदंडाधिकाऱ्याने खटला चालवून दोषी ठरवलेल्या माणसाला राजगुरुनगरच्या सत्र न्यायालयात अपील करता येते, परंतु वाटाघाटीने शिक्षा स्वीकारलेल्याला हा जवळचा टप्पा वगळून थेट मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे जावे लागते, आणि तेथेही पुराव्याची फेरतपासणी सहसा न होता संमती खरी होती का व प्रक्रिया पाळली गेली का, एवढाच प्रश्न प्रामुख्याने उरतो. त्यामुळे या व्यवस्थेतील आरोपीचे खरे संरक्षण अपिलात नसून तालुक्याच्या न्यायालयातील त्या बंद दालनातल्या तपासणीत आहे, आणि ती केवळ उपचार म्हणून उरकली गेली तर पुढे ती चूक दुरुस्त करून घेणे डोंगरपट्ट्यातील गरीब आरोपीच्या आवाक्याबाहेर जाते.