भिलाईची बासी

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. परंतु भिलाईचा पोलादाशी संबंध जेमतेम सात दशकांचा. भाताशी मात्र या भूमीचा संबंध शतकानुशतकांचा आहे. या मुलखातील कष्टकऱ्याची पिढीजात न्याहारी म्हणजे बासी.

रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजत ठेवावा आणि सकाळी मीठ, कांदा व हिरवी मिरची यांसह त्या पाण्यासकट खावा, ही बासी. त्याच दिवशीचा भात काही घटका भिजवून खाल्ला, तर तो 'बोरे'. ओरिसाचा पखाळ आणि बंगालचा पांता भात ही याचीच भावंडे होत. रात्रभरात भात किंचित आंबतो, पचनास हलका होतो; आणि घामावाटे गेलेले पाणी व मीठ उन्हात राबणाऱ्यास एकाच वाडग्यातून परत मिळते. चुलीसाठी सकाळी जळण लागत नाही, हा लाभही गरिबाच्या घरी लहान नव्हे.

१७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून या प्रांताचा कारभार पाहिला आणि १८५४ पर्यंत तेथे नागपूरकरांचा अंमल राहिला. भाकरीच्या देशातून गेलेली ही माणसे भाताच्या देशात वावरली. याच काळात, १७५६ साली गिरौदपुरी येथे जन्मलेल्या गुरू घासीदासांनी सतनामाचा उपदेश केला आणि अनुयायांना मद्यमांस वर्ज्य सांगितले. लाल रंग रक्ताची आठवण देतो म्हणून मसूरही त्यांच्यात निषिद्ध मानली गेली. समाजाने तुच्छ लेखलेल्या माणसांनी आपल्या ताटातून आत्मसन्मान उभा केला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

तथापि नुसत्या भातावर माणूस धडधाकट राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आइकमन यांना दिसून आले, की केवळ सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग जडतो आणि कोंडा दिला की त्या सुधारतात. छत्तीसगडच्या गृहिणीने भाताला सोबती जोडले होते ते असे: लाल भाजी, शेवग्याचा पाला, चरोटा म्हणजे आपला टाकळा, आणि डाळ. हे सोबती सुटले की आहार लंगडा पडतो.

कधी कधी तर माणूसच लंगडा होई. भाताचे पीक उभे असतानाच त्या ओल्या शेतात तिवरा पेरण्याची येथे रीत आहे. विदर्भात आपण त्याला लाखोळी म्हणतो. अवर्षणात भात बुडाला तरी तिवरा तग धरतो, म्हणून दुष्काळात गरिबाच्या हाती तोच उरे. महिनोन्‌महिने मुख्यतः त्याच्यावरच गुजराण झाली, की पाय ताठरून कायमचे पंगुत्व येई. सागरच्या मुलखात १८३० च्या सुमारास पसरलेल्या या व्याधीचे वर्णन स्लीमन यांनी केले आहे. केंद्र सरकारने १९६१ साली तिवऱ्याच्या विक्रीस बंदी घातली, तर त्यातील विषद्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली ओळखले. पण खरा दोष दाण्याइतकाच दारिद्र्याचाही होता. कारण तोच तिवरा इतर अन्नाबरोबर थोडाथोडा खाणाऱ्यास सहसा बाधत नसे.

पोलाद आले, तसे देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक भिलाईत आले आणि त्यांच्याबरोबर पोळी, इडली, पावही आले. बासी हे गावंढळपणाचे लक्षण ठरू लागले. पुढे २०२२ साली छत्तीसगड शासनाने १ मे या कामगारदिनी बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा मोठमोठ्या पदांवरील मंडळींनीही वाडगे हाती घेतले.

हा गौरव उचितच आहे. मात्र वर्षातून एक दिवस बासी खाणाऱ्याच्या घरी उरलेले तीनशे चौसष्ट दिवस डाळ-भाजी असते. ती बासीवरच राबणाऱ्याच्याही वाडग्यात रोज पडेल, तेव्हाच हा सन्मान पुरा झाला असे म्हणता येईल.