यंत्रांच्या दप्तराचें स्थलांतर



पंचवीस हा आंकडा लिहितांना आपण दोन आधीं मांडतों व पांच मागून. तोच आंकडा उच्चारतांना मात्र पांच आधीं येतात आणि वीस मागें राहतात. जुन्या लेखांत शब्दांनीं सांगितलेला शकही एककाकडून वाचावा लागतो. अंकांची ही वामगति ज्याला ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं अस्सल लेख पडला तरी काळ चुकीचाच निघतो. मोठमोठ्या संस्थांचीं संगणकांतील दप्तरें, ज्यांना डेटाबेस म्हणतात, तीं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेतांना अगदीं अशीच अडचण उभी राहिली. तिचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

संगणक मोठी संख्या बाइट नांवाच्या लहान तुकड्यांत सांठवितो. आय्. बी. एम्. कंपनीनें १९६४ सालीं जाहीर केलेल्या सिस्टिम-३६० यंत्रांत मोठ्या स्थानाचा तुकडा आधीं ठेवण्याची रीत होती. इंटेलच्या यंत्रांत लहान स्थानाचा तुकडा आधीं येतो. अक्षरांचीही तीच गत. इंग्रजी मोठें 'ए' आस्की संकेतांत ६५ या अंकानें, तर आय्. बी. एम्.च्या एब्सिडिक संकेतांत १९३ या अंकानें दर्शवितात. १९८० सालीं डॅनी कोहेन यांनीं बाइटांच्या क्रमावरील या कलहाला स्विफ्टच्या गलिव्हरच्या कथेंतील, अंडें कोणत्या टोंकाकडून फोडावें या भांडणाची उपमा दिली. आणि दोन पक्षांना 'बिग-एंडियन' व 'लिट्ल-एंडियन' हीं नांवें रूढ झालीं.

माहिती यंत्राच्या पोटांत कशी रचली आहे हें जाणण्याची गरज वापरणाऱ्यास पडूं नये, असें तत्त्व ई. एफ्. कॉड यांनीं १९७० सालींच मांडलें होतें. ओरॅकल कंपनीनें १९८३ सालीं आपला डेटाबेस सी भाषेंत नव्यानें लिहून काढला. त्यामुळें तो निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमांवर चालविणें सुलभ झालें. प्रोग्रॅम असा मोकळा झाला, तरी दप्तराच्या फायली जन्मस्थानाला जखडलेल्याच राहिल्या. युनिक्सवर चालणाऱ्या स्पार्क यंत्रावरील फाइल उचलून इंटेलच्या लिनक्स यंत्रावर ठेवली, तर बाइटांचा क्रम उलटा असल्यामुळें ती तेथें उपयोगी पडत नसे. म्हणून सारें दप्तर एकीकडे वाचून काढावयाचें आणि दुसरीकडे पुन्हां लिहावयाचें, हाच राजमार्ग होता. आणि दप्तर मोठें असलें, कीं त्यांत फार वेळ जाई. ओरॅकलच्या 'टेन-जी' आवृत्तीपासून फायलींतील बाइटांचा क्रमच पालटून त्या परक्या यंत्रावर नेण्याची सोय झाली.

परंतु माहिती सुखरूप पोंचली म्हणजे काम फत्ते झालें, असें समजूं नये. ब्रिटनमधील टी. एस्. बी. बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें आपलें दप्तर जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर नेलें. माहिती नीट उतरली. पण नवी यंत्रणाच कोलमडली. सर्व शाखांना झळ लागली, लक्षावधि ग्राहकांना आपल्याच पैशांचा हिशेब पाहतां येईना, आणि व्यवहार पूर्ववत् व्हावयास डिसेंबर उजाडला. २०२२ सालीं नियामकांनीं बँकेस ४ कोटि ८६ लक्ष ५० हजार पौंड दंड केला.

ताळा पाहिल्याखेरीज पाटी पुसूं नये, हा आम्हां शिक्षकांचा जुना नियम. दप्तर हलविणाऱ्यांनींही तोच पाळावा. दोन्हीकडील नोंदी मोजाव्या, बेरजा ताडून पाहाव्या, नव्या यंत्रणेवर खऱ्या कामाचा भार टाकून तिची परीक्षा घ्यावी. आणि तोंवर जुनें दप्तर जपून ठेवावें. त्यांतील एखादी ओळ कोणाचें निवृत्तिवेतन असते, तर एखादी कोणाची आयुष्यभराची पुंजी.