बालाघाटाचे पाणी आणि गावाची बैठक

बीडहून दक्षिणेस निघून मांजरसुंब्याचा घाट चढले म्हणजे बालाघाटाच्या ज्या पठारावर आपण येतो, त्याच्या उत्तर उतारावरचे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला आणि दक्षिण उतारावरचे मांजरेला मिळते; दोन्ही प्रवाह अखेर गोदावरीचेच, परंतु पहिला माजलगावच्या बाजूस तिला भेटतो, तर दुसरा लातूर-बिदरकडून दूरचा वळसा घेऊन तेलंगणात कंदकुर्तीपाशी. याच आसमंतात कपिलधार आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार आणि ‘परमरहस्य’कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी यांमुळे कार्तिकी पौर्णिमेस येथे मराठवाडा, कर्नाटक व तेलंगण या प्रांतांतून वीरशैव लिंगायत भाविकांच्या दिंड्या लोटतात. त्यांतील लातूरकर ज्या धनेगावच्या धरणाचे पाणी पितात ते भरते बालाघाटावरच्या पावसाने, आणि 2016 च्या एप्रिलात ते धरण कोरडे पडून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा ही यात्रा त्यांच्यापुरती आपल्याच पाण्याच्या माथ्याकडे जाणारी वाट आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

पाणलोटाचे ज्ञान या मुलखाला नवे नाही; नवी आहे ती त्याची गावाने मिळून केलेली चर्चा. निजामशाहीत मुर्तजा निजामशहाच्या अमलात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने राजा भास्कर या स्थापत्यज्ञाकडून हिजरी 991 च्या सुमारास खजाना विहीर बांधवून घेतली. दोन भुयारी मार्गांनी पाणी आत आणि तिसऱ्याने शेतांकडे, अशी तिची योजना. जमिनीखालच्या पाण्याची इतकी सूक्ष्म जाण असलेल्या माणसाला रयतेची सभा भरवण्याची गरज वाटली असेल असे मला वाटत नाही. पुढे आसफजाही दफ्तरात पाटील-पटवाऱ्यांनी जे लिहिले ते गाव आणि शेत या एककांत. ओढ्याचा माथा एका गावच्या शिवारात व पायथा दुसऱ्याच्या, ही गोष्ट महसुलाच्या कामी निरुपयोगी असल्याने कागदावर आली नाही.

1972 च्या दुष्काळाने कामे दिली, खडी फोडवली, तलाव खोदवले. परंतु तलाव कोठे व्हावा हे मजुराला कोणी विचारले नाही. त्याच दशकात पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली आणि पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी वाटावे, भूमिहीनालाही हिस्सा द्यावा व ऊस लावू नये, असे नियम बैठकीत ठरवून घेतले. सरकारने 1983 मध्ये सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकासाचा कार्यक्रम काढला; 1995 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी गावोगावी पाणलोट समित्या आल्या. त्यांपैकी कित्येक केवळ सह्यांपुरत्याच राहिल्या, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे.

चर्चेला खरा रंग चढतो तो शिवारफेरीत. दोन काठ्यांना एक पारदर्शक नळी बांधतात, तीत पाणी भरतात. एक गडी एका जागी थांबतो, दुसरा उताराला आडवा सरकत जातो आणि नळीच्या दोन्ही टोकांचे पाणी एका खुणेला आले की पायाखाली चुन्याची फक्की पडते. अशा खुणा जोडत गेले म्हणजे समतल चराची ओळ उमटते, आणि आपल्या बांधावरून वाहून जाणारी माती कोणाच्या ओघळीत उतरते हे जे अधिकाऱ्याच्या नकाशावरून कोणाला पटले नव्हते ते तेथल्या तेथे पटते. क्वचित भांडणही तेथेच जुंपते. 2016 मध्ये पानी फाउंडेशनने गावागावांत जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई होता, आणि ‘माथा ते पायथा’ हे शब्द त्यानंतर या भागात घरोघरी रुळले.

या जिल्ह्याच्या बैठकीपुढे मात्र एक अडचण पुरंदरला नसलेली आहे. दिवाळी सरली की ऊसतोड कामगारांचे तांडे कोयते आणि बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडे निघतात व गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. त्यामुळे हिवाळ्यात भरणाऱ्या ग्रामसभेत घरटी वृद्ध मंडळी उरतात, आणि ज्यांच्या हातांनी चर खणले जायचे आहेत त्यांचे मत घ्यायला कोणी नसते. ज्या वर्षी उन्हाळ्यात सगळे गाव एकत्र आले, त्याच वर्षी श्रमदानाला माणसे मिळाली. बाकीच्या वर्षी यंत्र भाड्याने आणून चर खणतात, आणि त्याचे बिल कोणी भागवायचे हा नव्या बैठकीचा पहिला विषय होतो.