वानरांचा कळप आणि भास्कराचार्य

तयार समीकरण सोडविणें आणि व्यवहारांतील प्रसंगाचें समीकरण मांडणें ह्या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिली विद्यार्थ्याला लवकर साधते, दुसरी उशिरां. शाब्दिक उदाहरण दिसलें कीं तो आंकडे तेवढे उचलतो आणि गुणाकार करावा कीं भागाकार, एवढाच विचार करूं लागतो. आंकड्यांमागची वस्तुस्थिति त्याच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. ती कशी आणावी, ह्याचे जुने धडे भास्कराचार्यांच्या ग्रंथांत सांपडतात.

इ. स. ११५० मधील ‘लीलावती’ घ्या. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशीं सापाचें बीळ आहे. साप २७ हातांवरून बिळाकडे येतांना मोर त्यावर तिरकी झेप घेतो. दोघांची गति सारखी, तर गांठ बिळापासून किती हातांवर पडेल? झेप सरळ रेषेंत आणि खांब भूमीशीं काटकोनांत, एवढें गृहीत धरलें कीं जिवंत प्रसंगाचा काटकोन त्रिकोण होतो. उत्तर येतें १२ हात. दोघांनींहि १५ हात अंतर तोडलेलें असतें. मात्र हें उत्तर त्या गृहीतांपुरतेंच खरें.

‘बीजगणितां’तील उदाहरण याहून मार्मिक आहे. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तितकीं वानरें गुहेंत गेलीं. एक फांदीवर दिसतें. एकूण किती? समीकरणाचीं उत्तरें ५० आणि ५. पण पांचाचा पंचमांश एक. एका वानरांतून तीन वानरें वजा कशीं करावींत? म्हणून आचार्य पांच हें उत्तर त्याज्य ठरवितात. उलट, अष्टमांशाचा वर्ग वनांत रमला आणि बारा टेकडीवर उरलीं, ह्या उदाहरणांत ४८ आणि १६ हीं दोन्हीं उत्तरें ते स्वीकारतात, कारण दोन्हीं प्रसंगाशीं जुळतात. निवाडा समीकरण करीत नाहीं, प्रसंग करतो.

हे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून आचार्यांचे नातू चंगदेव ह्यांनीं मठ स्थापिला, असें चाळीसगांवजवळील पाटणचा इ. स. १२०७ चा शिलालेख सांगतो. आज समीकरण यंत्र क्षणांत सोडवितें. परंतु पांच वानरें कां नकोत, हें ओळखण्याचें काम विद्यार्थ्याचेंच आहे. आणि शिक्षकानें गुण द्यावयाचे ते त्यासाठींहि द्यावेत.